लॉग इन

लॉग इन : क्रियापद व अव्यय मिळून झालेला इंग्रजी वाक्प्रयोग. रूढ अर्थ, नाव व परवलीचा शब्द देऊन संगणकप्रणालीत शिरणे; मराठी बोलण्यात ‘लॉगिन करणे’. मूळ शब्द ‘लॉग’ म्हणजे ओंडका. त्याच्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही.

जहाजावरील लॉग : शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेले लाकूड पिछाडीवरून पाण्यात सोडत. विल्यम बोर्नच्या ‘अ रेजिमेंट फॉर द सी’ (1574) या ग्रंथात या रीतीचे वर्णन आहे. पुढे ओंडक्याच्या जागी पाव वर्तुळाच्या आकाराची फळी आली. तिच्या गोल कडेला शिसे बसवलेले असल्याने ती पाण्यात उभी तरंगे व जवळजवळ जागीच राही. जहाज पुढे जाई तशी रिळावरची दोरी सुटत जाई. एक खलाशी रीळ धरी, दुसरा वाळूचे घड्याळ. वाळू सरेपर्यंत दोरीच्या जितक्या गाठी हातातून सुटतील तितका वेग. ‘नॉट’ हे एकक यातूनच आले. 28 सेकंदांच्या घड्याळाला दोन गाठींतील अंतर 47 फूट 3 इंच. त्याआधी 30 सेकंदांना 42 फूट धरत, म्हणजे जहाज प्रत्यक्षाहून पुढे आल्याचे दिसे. किनारा अचानक समोर येण्यापेक्षा ही चूक बरी. लंडन ते यॉर्क अंतर मोजून, त्यावरून सागरी मैलाची लांबी काढून रिचर्ड नॉरवुडने 1637 मध्ये गाठींतील अंतर वाढवण्याचे सुचवले.

मोजलेला वेग आधी पाटीवर खडूने लिहीत, मग वहीत उतरवत. ती वही ‘लॉगबुक’, व नोंदणे म्हणजे ‘लॉग’ करणे. लाकूड मागे पडले, नोंद उरली.

संगणक : एमआयटीत फर्नांडो कोर्बातो व सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये दाखवलेल्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीत एकच यंत्र अनेकजण वापरत. कोण बसला, यंत्राचा किती वेळ खर्चला, याचा हिशेब ठेवणे भाग होते. ‘लॉगिन’ ही आज्ञा त्या हिशेबाची सुरुवात. मराठी संकेतस्थळांवरील ‘प्रवेश करा’ या प्रतिशब्दात दार आहे, वही नाही. ‘नोंद करून आत या’ अधिक नेमके, पण बटणावर मावत नाही.

संबंधित शब्द : ‘वेबलॉग’ (1997), त्याचे संक्षिप्त रूप ‘ब्लॉग’, मराठीत ‘अनुदिनी’; येथे मात्र वही टिकली आहे. ‘लॉगॅरिदम’शी (नेपियर, 1614) नाते नाही, तो ग्रीक घटकांपासून घडवलेला शब्द.

लॉग आउट : उलट क्रिया.

लॉग ऑन : पाहा ‘लॉग इन’.