जग कोसळत होतं, आणि हे दगडांचे फोटो काढत होते

आजचा विषय छायाचित्रणाचा आहे, आणि मी छायाचित्रकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण एका फोटोपासून सुरुवात करतो, जो मी स्वतः काढला आणि जो फसला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नुकताच नोकरीला लागलो होतो. आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला आणि हरिहरेश्वरला गेलो. प्रदक्षिणेच्या वाटेनं पायऱ्या उतरून खाली गेलात की समुद्रानं कोरलेला कातळ लागतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. ओहोटी होती. मला हवी होती ती चौकट सापडली, पण तिच्यात एक बाई बसलेल्या होत्या, लोखंडी टोच्यानं दगडावरची कालवं फोडत. मी म्हटलं, "मावशी, जरा बाजूला होता का? दगडाचा फोटो काढायचाय." त्या हसल्या, टोपली उचलली आणि पलीकडे गेल्या. रोल धुऊन आला तेव्हा आकाश पांढरंफटक, दगड काळाकुट्ट, मधलं काही नाही. फोटो गेला तो गेलाच. पण आज मला त्या दगडापेक्षा त्या बाई जास्त आठवतात, आणि त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. मीच त्यांना उठवलं होतं.

हे लक्षात ठेवा. आता आपण कॅलिफोर्नियाला जाऊ.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, गाडीनं दोन-अडीच तासांवर कार्मेल नावाचं गाव आहे आणि त्याच्या खाली समुद्रात घुसलेलं एक टोक, पॉइंट लोबोस. 'लोबोस मारिनोस' म्हणजे स्पॅनिशमध्ये समुद्री लांडगे. तिथल्या खडकांवर सी-लायन पडलेले असतात, त्यांच्या ओरडण्यावरून हे नाव. दोन जातींचे दगड तिथे शेजारी शेजारी भेटतात. एक ग्रॅनाइटच्या कुळातला, सुमारे आठ कोटी वर्षांचा, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला. दुसरा वाळूचा आणि गोट्यांचा, समुद्राच्या तळाशी खोल दरीत साचत गेलेला, सुमारे सहा कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहून थांबला, त्यानंतर थोड्याच काळानं. भूगर्भशास्त्रात 'थोडा काळ' म्हणजे लाखो वर्षं, हे सांगायला नको. या दुसऱ्या दगडाला लाटांनी इतके चित्रविचित्र आकार दिले आहेत की तिथे उभा राहणारा प्रत्येक माणूस खिशातून मोबाइल काढतो.

जानेवारी 1929 मध्ये एडवर्ड वेस्टन नावाचा छायाचित्रकार कार्मेलला राहायला आला. वय बेचाळीस. मेक्सिकोत काही वर्षं काढून आलेला, नाव झालेलं, खिसा रिकामा. पोटासाठी लोकांची पोर्ट्रेट काढायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम. त्या वर्षी तो पहिल्यांदा पॉइंट लोबोसला कॅमेरा घेऊन गेला आणि मग जवळजवळ वीस वर्षं जात राहिला.

त्याचं साधन समजून घेतल्याशिवाय त्याचे दगड कळणार नाहीत. कॅमेरा आठ बाय दहा इंचाचा. म्हणजे निगेटिव्हच तेवढी, आपल्या वहीच्या पानाएवढी. खाली भक्कम तिपाई. मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर, आणि ते पाहायला डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागतं. प्रिंट मोठा करायचा नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वरून दिवा लावायचा, तेवढाच प्रिंट. कापाकापी नाही. चौकट जी ठरवायची ती समुद्रकिनारी, कापडाखाली.

आता, जवळचा गोटा आणि मागचा कडा दोन्ही सुईसारखे स्पष्ट हवे असतील तर भिंगाचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. बारीक छिद्रातून उजेड कमी येतो, मग छिद्र जास्त वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात लाट काही तुमच्यासाठी थांबत नाही, ती पुसट होते. म्हणजे समुद्राकाठी जाऊन समुद्र टाळणं आलं. वेस्टनचे पॉइंट लोबोसचे फोटो आठवा. कितीतरी फोटोंत क्षितिजच नाही. कॅमेरा खाली झुकलेला आहे. झिजलेल्या दगडातली खोबण, किनाऱ्यावर येऊन पडलेलं केल्पचं शेवाळ, सायप्रसच्या झाडाचं मूळ. लाट दिसत नाही, पण लाटेनं लाखो वर्षं केलेलं काम दिसतं. 1932 मध्ये त्यानं आणि अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, इमोजन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी एक गट काढला, त्याचं नावच भिंगाच्या त्या बारीक छिद्रावरून ठेवलं: 'एफ 64'.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, थोडं सहन करा. कांटनं 1790 च्या ग्रंथात उदात्ताची चर्चा केली, तेव्हा अंगावर येणारे कडे आणि खवळलेला महासागर हीच उदाहरणं घेतली. आपण सुरक्षित जागी उभे असताना ते पाहतो, आपलं क्षुद्रपण जाणवतं, आणि मग त्याहून मोठं असं काहीतरी आपल्यातच आहे हे जाणवतं. छायाचित्रकारांनी पुढे शंभर वर्षं हेच केलं: कडा उंच, माणूस ठिपक्याएवढा. वेस्टनला यात रस नव्हता. त्याला वस्तू जशी स्वतः आहे तशी हवी होती, आणि कॅमेरा ती देऊ शकतो असं तो मानत होता. कांट म्हणाला असता, बाबा रे, तेच तर अशक्य आहे; आपल्याला मिळते ती दिसणारी वस्तू, स्वतःत असणारी नव्हे. मी तीस वर्षं वर्गात कांटच्या बाजूनं बोललो. वेस्टनचे प्रिंट पाहताना मात्र माझी बाजू डळमळते, हे कबूल करतो.

पण त्याच्यावरचा खरा आक्षेप कांटचा नाही, कार्तिए-ब्रेसाँचा आहे. तिसाव्या दशकातलं त्याचं म्हणून एक वाक्य नेहमी सांगितलं जातं. आशय असा, की जग तुकडे तुकडे होत चाललंय आणि अ‍ॅडम्स, वेस्टन यांच्यासारखे लोक दगडांचे फोटो काढताहेत! काळ लक्षात घ्या. अमेरिकेत मंदी, स्पेनमध्ये यादवी, जर्मनीत हिटलर. डोरोथिया लँग त्याच कॅलिफोर्नियात विस्थापित शेतमजुरांचे फोटो काढत होती. आणि 1937 मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळालेला पहिला छायाचित्रकार कोण? वेस्टन.

हा आक्षेप मी बराच काळ कलावादी विरुद्ध जीवनवादी या आपल्या जुन्या भांडणासारखा समजत होतो. फडके-खांडेकर, झालं. पण पॉइंट लोबोसचा इतिहास वाचला आणि आक्षेप जास्त टोकदार झाला. कारण ते दगड काही माणसांपासून दूर नव्हते.

तिथल्या ग्रॅनाइटमध्ये उखळं आहेत. रुमसेन ओलोनी लोकांनी धान्य, फळं कुटून कुटून पाडलेली, आणि जवळच हजारो वर्षांच्या शिंपल्यांचे ढीग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चिनी कोळी कुटुंबं आली. त्यांचं एक लाकडी घर अजून उभं आहे. मग अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज देवमासे मारायला आले. दगडाची खाणही चालली. या जागेचे प्लॉट पाडून विकायचाही बेत झाला होता. 1898 मध्ये अ‍ॅलन नावाच्या माणसानं ही जमीन घेतली आणि विकले गेलेले प्लॉट हळूहळू परत विकत घेतले. त्याच अ‍ॅलनबरोबर गेन्नोसुके कोदानी या जपानी माणसानं तिथे अ‍ॅबलोनीचा कारखाना काढला. अ‍ॅबलोनी म्हणजे दगडाला घट्ट चिकटून राहणारी मोठी शिंपली, आपल्या कालवांची लांबची नातेवाईक म्हणा. जपानहून बुड्या मारणारे आणले, पण पाणी इतकं थंड की उघड्या अंगानं जमेना. मग डोक्यावर धातूचं शिरस्त्राण आणि हवेची नळी असलेले पोशाख आले. वेस्टन कार्मेलला आला तेव्हा हा सगळा उद्योग अगदी कालपरवाचा होता. 1933 मध्ये राज्य सरकारनं ते टोक राखीव म्हणून घेतलं.

यातलं वेस्टनच्या फोटोंत काय आहे? काहीच नाही. "मावशी, जरा बाजूला होता का?"

म्हणजे 'माणसाचा हात न लागलेला किनारा' ही गोष्ट तिथे होती म्हणून त्यानं टिपली असं नाही. ती अंशतः कायद्यानं घडवली आणि अंशतः चौकटीनं. हे मी वेस्टनला दोष देण्यासाठी म्हणत नाही. चौकट काहीतरी वगळणारच. पण 'वस्तू स्वतः' दाखवतो असा ज्याचा दावा आहे, त्याला हे विचारावं लागतं.

आणि मग डिसेंबर 1941 आला. वेस्टन आणि त्याची पत्नी चॅरिस तेव्हा व्हिटमनच्या कवितांच्या एका आवृत्तीसाठी फोटो काढत अमेरिकाभर फिरत होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला, दौरा आवरता घेऊन ते घरी परतले. सैन्यानं पॉइंट लोबोस ताब्यात घेतलं. लोकांना बंद! फेब्रुवारी 1942 मध्ये रूझवेल्टचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरची एक लाखाहून अधिक जपानी वंशाची माणसं, त्यातली बहुसंख्य अमेरिकी नागरिक, छावण्यांत नेली गेली. मॉन्टेरीच्या आसपासचे जपानी कोळीही गेले. जग दगडांपर्यंत पोचलं होतं. वेस्टनची मुलं सैन्यात गेली, तो आणि चॅरिस विमानांवर नजर ठेवायच्या कामाला लागले, आणि दगड मिळेनात म्हणून त्यानं घरच्या मांजरांचे फोटो काढले. हसू नका, खूप चांगले आहेत. एका फोटोत चॅरिस विवस्त्र पहुडलेली आहे आणि तोंडावर गॅस मास्क. शीर्षक 'नागरी संरक्षण'. दगडवाल्या अ‍ॅडम्सनं मात्र 1943 मध्ये मान्झनारच्या छावणीत जाऊन तिथल्या जपानी माणसांचे चेहरे टिपले आणि पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. कार्तिए-ब्रेसाँला याहून चांगलं उत्तर नाही, आणि ते दिलं दगड पाहणाऱ्यानंच.

युद्ध संपलं, किनारा उघडला. पण तोवर वेस्टनचं शरीर साथ सोडू लागलं होतं. कंपवात. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी चॅरिसशी घटस्फोट. विचार करा, ज्याचं सगळं काम स्थिर कॅमेऱ्यावर आणि बारीक छिद्रावर उभं, त्याचेच हात थरथरू लागले. तरी तो जात राहिला.

या शेवटच्या फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. ते त्याचे सर्वांत चांगले फोटो आहेत. 1930 च्या सुमाराचे दगड देखणे आहेत, पण थोडे ठाकठीक. प्रत्येक दगड एखाद्या शिल्पासारखा मधोमध उभा. शेवटच्या वर्षांत ती शिस्त सैल होते. दगड इकडेतिकडे पडलेले आहेत, काळोखे आहेत, डोळ्याला सांगायला कुणी नाही की इथे बघ. 1948 मध्ये त्यानं पॉइंट लोबोसलाच शेवटची निगेटिव्ह घेतली: किनाऱ्यावरचे काही विस्कटलेले दगड आणि खडी. तुम्ही-मी तिथून पाय सांभाळत पुढे गेलो असतो. हा मात्र थांबला.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो जगला, कॅमेऱ्याशिवाय. घरापासून पॉइंट लोबोस अगदी जवळ. पन्नाशीच्या दशकात मुलगा ब्रेट अंधाऱ्या खोलीत निवडक आठशेहून अधिक निगेटिव्हचे प्रिंट काढत असे, आणि बापानं पाहून बरा की नाही ते ठरवायचं. 1 जानेवारी 1958 ला तो वारला. अस्थी पॉइंट लोबोसच्या पेबली बीचवर समुद्रात सोडल्या. त्या जागेला आता 'वेस्टन बीच' म्हणतात, आणि तिथे ओहोटीला गेलात तर लोक तिपाया लावून रांगेनं उभे असतात. आपल्या चौकटीत दुसऱ्याची तिपाई येऊ नये म्हणून एकमेकांना बाजूला व्हायला सांगत असतात, असं मला तिथे जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं.

चला, मी ठरल्यापेक्षा जास्त बोललो. दिवे लावा, प्रश्न घेऊ.