शाबितीचा भार : सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या अपिलांचा इतिहास

'हे सिद्ध केले पाहिजे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. परंतु त्यातील कर्ता अध्याहृत आहे. कोणी सिद्ध करावयाचे, हे ते वाक्य सांगत नाही. भाषेच्या अभ्यासकाला ही रचना नित्याचीच आहे. सेवेत असताना व्याधिग्रस्त होऊन घरी पाठविलेल्या सैनिकाचे उरलेले आयुष्य मात्र या न सांगितलेल्या कर्त्यावर अवलंबून असते. आपल्या अपंगत्वाचा सेवेशी संबंध आहे, हे त्याने सिद्ध करावयाचे, की तसा संबंध नाही, हे शासनाने? अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या अपिलांचा गेल्या शतकातील इतिहास हा बव्हंशी या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

जखमी सैनिकाची तरतूद करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखमेचे मान पाहून दोनशे, शंभर, पन्नास व पंचवीस होन दिल्याचे सभासद बखरीत नमूद आहे. दुखापतीची प्रतवारी आणि तीनुसार रक्कम, हे आजच्या पद्धतीचे बीज त्यात स्पष्ट दिसते. इंग्लंडात १६८२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने चेल्सी येथे वृद्ध व जायबंदी सैनिकांसाठी आश्रयस्थान स्थापन केले. तथापि या दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. दिलेली रक्कम ही देणाऱ्याची मेहेरबानी होती. आणि मेहेरबानीवर अपील चालत नाही. जेथे हक्क नाही तेथे नकाराचे कारण विचारण्याचीही सोय नसते.

२

हा पाया पहिल्या महायुद्धाने हलविला. युद्धापूर्वीची लहान, पगारी फौज जाऊन तिच्या जागी लक्षावधी सामान्य नागरिकांची सेना उभी राहिली आणि क्षयाने, हृद्रोगाने, खंदकातील थंडीने खंगलेली माणसे घरी परतू लागली. १९१६ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतनाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले, आणि १९१७ च्या राजाज्ञापत्रात अपंगत्वाचे शेकडेवारीने मोजमाप ठरविण्यात आले. दोन अवयव गमावणाऱ्या शिपायाचे अपंगत्व शंभर टक्के धरून त्याला आठवड्यास २७ शिलिंग ६ पेन्स मिळू लागले. १९१९ मध्ये हा दर ४० शिलिंगांवर नेण्यात आला.

परंतु या आकड्यांपेक्षा दोन क्रियापदांचे महत्त्व अधिक आहे. अपंगत्व सेवेमुळे 'उद्भवलेले' असावे अथवा सेवेमुळे 'बळावलेले' असावे, अशी ती अट होय. पहिले क्रियापद रोगाचे मूळ विचारते, तर दुसरे रोगाची वाटचाल पाहते. केवळ पहिलेच असते, तर ज्याच्या देहात व्याधीचे बीज आधीपासून होते त्या प्रत्येकाला रिक्त हस्ताने परतावे लागले असते. दुसऱ्या क्रियापदाने शासनाने एवढे मान्य केले, की दुबळ्या फुप्फुसाचा मनुष्य भरती करून त्याला चिखलात उभे केले, तर त्या चिखलाची जबाबदारी शासनावर येते. योगायोग असा, की याच १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग भारतीय सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. पुढे ती खडकीला गेली.

१९१९ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाला कायदेशीर हक्काचे रूप आले आणि मंत्रालयाच्या नकारावर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे अपील करता येऊ लागले. मेहेरबानीचे युग येथे संपले, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि १९२१ च्या कायद्याने दाव्याला सात वर्षांची मुदत घातली, आणि संबंध दाखविण्याचे ओझे व्यवहारात दावेदाराच्याच खांद्यावर राहिले. खंदकात कोणत्या रात्री खोकला सुरू झाला, याचा कागद कोणता शिपाई सादर करणार?

३

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर मिळाले. १९४३ च्या पेन्शन अपील न्यायाधिकरण कायद्याने कायदेपंडित, वैद्य आणि सैन्यात सेवा केलेला सदस्य अशा तिघांची न्यायाधिकरणे नेमली, व कायद्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या राजाज्ञापत्राने अध्याहृत कर्ता प्रथमच प्रकट केला. पात्रतेच्या अटी सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही, आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळेल, असे त्यात नमूद झाले.

या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम मुख्यतः न्यायमूर्ती डेनिंग यांच्याकडे आले. ते स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर होते. १९४६-४७ च्या त्यांच्या निर्णयांनी शाबितीच्या भाराचा प्रश्न पुष्कळ अंशी मार्गी लावला. त्यांपैकी १९४७ चा मिलर खटला विशेष प्रसिद्ध आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या विधवेचे ते अपील होते. वाजवी संशयापलीकडील सिद्धता म्हणजे संशयाच्या छायेपलीकडील सिद्धता नव्हे, हे विवेचन याच निर्णयातील असून पुढे फौजदारी खटल्यांत, भारतातही, ते वारंवार आधाराला घेतले गेले. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे : ते अपील फेटाळले गेले. संशयाचा फायदा म्हणजे प्रत्येक दाव्याला होकार नव्हे. संशय वाजवी असला पाहिजे, कल्पनेने रचलेला नव्हे, ही मर्यादाही याच काळात आखली गेली.

४

स्वतंत्र भारताने हे शब्दभांडार जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. लष्करी निवृत्तिवेतनाच्या १९६१ च्या विनियमांतील १७३ व्या कलमात सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले, आणि किमान २० टक्के ठरलेले अपंगत्व, ही अट आहे. १९८२ च्या पात्रता नियमांनी तिचा अर्थ विशद केला. त्यांपैकी तीन नियम अपिलाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसल्यास सैनिक त्या वेळी निरोगी होता असे पाचवा नियम गृहीत धरतो. नववा नियम दावेदारावर शाबितीचा भार टाकीत नाही, व आघाडीवरील सेवेच्या बाबतीत संशयाचा फायदा अधिक उदारपणे द्यावा असे सांगतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे सेवामुक्तीस कारण झालेला रोग सेवेतच उद्भवला असे चौदावा नियम मानतो. भरतीपूर्वीच्या तपासणीत तो रोग कळणे शक्य नव्हते, असे वैद्यकीय मत असेल तर गोष्ट वेगळी; परंतु त्या मताची कारणे नमूद झाली पाहिजेत.

त्याच १९८२ च्या डिसेंबरात नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे दान अथवा कृपा नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तत्त्व असे दोन्ही बाजूंनी भक्कम होते. व्यवहार मात्र निराळा होता. पहिले व दुसरे अपील शासनाच्याच समित्यांपुढे चाले. ती फेटाळली गेल्यावर उच्च न्यायालयाखेरीज मार्ग नसे. सैनिकाला प्रत्यक्ष न तपासता निवृत्तिवेतन-कार्यालय वैद्यकीय मंडळाचे मत बदलीत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही रीत अमान्य केली. सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापण्याचा कायदा २००७ मध्ये झाला, व ऑगस्ट २००९ मध्ये ते कार्यान्वित झाले. मुंबईतही त्याचे एक पीठ आहे, ही महाराष्ट्रातील माजी सैनिकांच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण या साऱ्या इतिहासाचे सार सांगते. १९८५ साली भरती झालेल्या एका शिपायाला अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ साली सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु वैद्यकीय मंडळाने व्याधीचा सेवेशी संबंध नाही, ती प्रकृतिजन्य आहे, असे मत दिले. भरतीच्या वेळी कोणतीही नोंद नव्हती. मंडळाने मत दिले, पण कारणे दिली नाहीत. न्यायालयाने उपरिनिर्दिष्ट नियम एकत्र वाचून शिपायाच्या बाजूने निर्णय दिला.

येथे दोन वाक्यांतील भेद पाहण्यासारखा आहे. 'संबंध नाही' आणि 'संबंध सिद्ध झाला नाही' ही वाक्ये कार्यालयीन टिपणांत एकमेकांच्या जागी सहज येतात. पहिले वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ज्याने ते केले त्याने त्याची कारणे दिली पाहिजेत. दुसरे केवळ पुराव्याचा अभाव सांगते. आणि नवव्या नियमाप्रमाणे तो अभाव सैनिकाच्या विरुद्ध जात नाही. नकाराचे कागद बहुधा दुसऱ्या वाक्याचा आशय पहिल्या वाक्याच्या रूपात मांडतात. अपील करणाऱ्याचे खरे काम ही अदलाबदल उघड करणे हे असते. शिपायाच्या प्रकरणात तेवढे होण्यास एकोणीस वर्षे लागली.

५

अध्याहृत कर्ता एकदा प्रकट झाला म्हणजे तो कायमचा प्रकट राहतो असे नाही. २००८ च्या पात्रता नियमांनी दावेदाराला सामान्यतः शाबितीच्या भारातून मुक्त ठेवले. परंतु सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा आल्यास, तोवर सेवेची कागदपत्रे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट झालेली असतात म्हणून, तो भार दावेदारावर ठेवला. कागद जपण्याचे व नष्ट करण्याचे अधिकार ज्याच्या हाती त्याने ते नष्ट करावेत, आणि उणीव मात्र दुसऱ्याने भरून काढावी, असा याचा परिणाम होतो. शासनाच्याही अडचणी आहेत. जुन्या व्याधीचे मूळ शोधणे कठीण असते, आणि मुदतीशिवाय कोणतीही व्यवस्था चालत नाही. तथापि कागदाच्या अभावाचा तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी अपंगत्वाच्या काही लाभांची नावेही बदलली आहेत. नावे बदलली, म्हणजे जुन्या निर्णयांतील शब्द नव्या शब्दांना लागू पडतात की नाही, याचा वाद पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

अपंगत्वाचे टक्के वैद्य मोजतो, रक्कम लेखापाल काढतो. परंतु दाव्याचा निकाल पुष्कळदा वाक्यरचनेत दडलेला असतो. १९४३ साली आणि पुन्हा १९८२ साली त्या रचनेत शासनाने स्वतःला कर्ता म्हणून लिहून घेतले. ज्याला आपण निरोगी म्हणून भरती केले त्याला रुग्ण म्हणून परत पाठविताना कारण सांगण्याचे बंधन आपल्यावर आहे, ही ती कबुली होय. त्यानंतर फेटाळला गेलेला प्रत्येक दावा आणि त्यावरील प्रत्येक अपील या कबुलीची परीक्षा घेत आले आहे.