पूल : स्पर्धेसाठी कोणता प्रकार सरस?

आठ, नऊ की दहा? पूलच्या टेबलावर कोणता डाव मांडायचा, एवढाच हा प्रश्न वरवर दिसतो. नांदेड किंवा लातूरच्या होतकरू खेळाडूसाठी मात्र त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा, प्रवेशशुल्क भरून मुंबईतील स्पर्धेत उतरायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू नशिबाने पॉकेटमध्ये गेला म्हणून तासाभरात बाहेर पडायचे, असे काही प्रकारांत सहज घडू शकते. काहींत ते सहसा घडत नाही.

महाराष्ट्राला क्यूच्या खेळांची परंपरा मोठी आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा या खेळाचे हौशी जगज्जेते ठरले. यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ मध्ये स्नूकरचे आशियाई विजेतेपद पटकावले. ही परंपरा मोठ्या शहरांतील जिमखान्यांची आणि बारा फुटी टेबलांची होती. स्नूकर टेबलाचा खेळण्याचा पृष्ठभाग सुमारे ३५७ बाय १७८ सेंटिमीटर असतो. नऊ फुटी पूल टेबलाचा २५४ बाय १२७. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास निम्मे. भाड्याच्या गाळ्यात पार्लर चालवणाऱ्याला पूल परवडतो, स्नूकर सहसा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाच्या हाती क्यू येतो तो त्यामुळे बहुधा पूलच्या टेबलावर. ही वाट आडवळणाची मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पूलचे गट स्वतंत्रपणे खेळवले जातात आणि १९९८ ते २०१० या काळातील चारही आशियाई क्रीडा स्पर्धांत नाइन-बॉलचा समावेश होता.

एट-बॉल हा सर्वांत परिचित प्रकार. एकाचे १ ते ७ हे भरीव रंगाचे चेंडू, दुसऱ्याचे ९ ते १५ हे पट्ट्यांचे आणि शेवटी काळा आठ. कॅरम खेळलेल्या माणसाला यातले मर्म सांगावे लागत नाही. आपल्या सोंगट्या भराभर घेतल्या आणि एक अडकून राहिली, तर प्रतिस्पर्ध्याचा रस्ता आपणच मोकळा केलेला असतो. एट-बॉलमध्ये नेमके हेच होते. सहा चेंडू घालून सातव्यावर थांबलेला खेळाडू गुणफलकावर पुढे दिसतो, पण प्रत्यक्षात तो अडचणीत असतो. त्याचे अडथळे संपलेले असतात आणि प्रतिस्पर्ध्याचे सातही टेबलावर असतात. कोणता गट निवडायचा, चिकटलेले चेंडू केव्हा सोडवायचे, याचा विचार ब्रेकनंतर लगेच करावा लागतो. डावपेचांच्या दृष्टीने हा प्रकार संपन्न आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंडू आणि पॉकेट आधी जाहीर करायचे असल्याने नशिबाला वावही कमी. दोष एकच : दोघे सावध खेळू लागले की डाव लांबतो.

नाइन-बॉलचा स्वभाव याच्या उलट. टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला पांढऱ्याने आधी स्पर्श करायचा. नऊ क्रमांकाचा चेंडू ज्याने नियमाने घातला तो जिंकला. मग तो शेवटी गेला काय किंवा एकला लागून तिसऱ्याच फटक्यात गेला काय! पॉकेट जाहीर करण्याचे बंधन नसल्याने चुकलेला फटकाही डाव मिळवून देऊ शकतो. चेंडूंचा क्रम ठरलेला असल्यामुळे पांढरा चेंडू प्रत्येक वेळी नेमक्या जागी आणावा लागतो, हे मात्र या प्रकाराचे मोठे बलस्थान. प्रेक्षकालाही पुढचा चेंडू कोणता हे कळते; दूरचित्रवाणीने नाइन-बॉल उचलून धरला तो याचमुळे. याची दुखरी जागा ब्रेकमध्ये आहे. चेंडू घट्ट मांडले असले की हिऱ्याच्या आकारातील कडेचा चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटकडे हमखास जातो. हे गणित जमलेला खेळाडू हलक्या हाताच्या ब्रेकनेही टेबल आपल्याकडे ठेवतो. त्याला आळा घालण्यासाठी आयोजकांना ठराविक चेंडूंनी ब्रेकनंतर टेबलाची आडवी रेषा ओलांडली पाहिजे, असे जादा नियम करावे लागले.

टेन-बॉल हे या दोन्ही तक्रारींवरचे उत्तर म्हणता येईल. क्रम नाइन-बॉलसारखाच, पण चेंडू आणि पॉकेट जाहीर करावे लागते. ब्रेकवर दहाचा चेंडू गेला तर डाव जिंकला असे होत नाही. तो पुन्हा टेबलावर येतो. न सांगितलेल्या पॉकेटमध्ये चेंडू पडला, तर पुढचा फटका स्वतः घ्यायचा की त्यालाच परत खेळायला लावायचे, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. दहा चेंडूंची त्रिकोणी मांडणी फोडणेही अवघड. जागतिक पूल संघटनेने या प्रकाराची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये सुरू केली, नाइन-बॉलच्या १९९० मधील पहिल्या जागतिक स्पर्धेनंतर तब्बल अठरा वर्षांनी. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाडूचा खरा कस पाहायचा तर टेन-बॉलच सरस.

तरीही प्रकाराइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची बाब सामन्यातील डावांची संख्या आहे. एका डावात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला सरस खेळाडू घ्या. आधी तीन डाव जिंकणारा विजयी असे ठरवले, तर सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६८ टक्के होते. पाच डाव ठेवले तर ७३, नऊ ठेवले तर ८०. तीन डावांच्या सामन्यात सरस खेळाडू तीनांपैकी जवळपास एकदा हरतो, मग प्रकार कोणताही असो. तासाने भाडे मोजावे लागणाऱ्या हॉलमध्ये आयोजकाची पहिली कात्री नेमकी या संख्येवर चालते. नाइन-बॉलच्या बाजूने बोलायचे तर इथेच बोलता येते : डाव लवकर संपत असल्याने एट-बॉलच्या पाच डावांच्या वेळात त्याचे सात-आठ डाव बसू शकतात आणि नशिबाचा हिस्सा काही अंशी भरून निघतो. दोन टेबले आणि दोन दिवस एवढेच हाती असतील, तर प्रवेशिका कमी घ्याव्यात, ब्रेक आळीपाळीने द्यावा आणि किमान सात डाव ठेवावेत. बत्तीस जणांच्या गर्दीपेक्षा सोळा जणांची अशी स्पर्धा अधिक न्याय्य ठरेल.

स्थानिक नियमांचा प्रश्नही आहेच. अनेक पार्लरमध्ये फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला दोन फटके मिळतात किंवा पांढरा चेंडू केवळ रेषेमागे ठेवता येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत तो टेबलावर कुठेही ठेवता येतो. घरच्या नियमांवर वाढलेला खेळाडू फाउलची किंमत कमी लेखतो आणि मोठ्या स्पर्धेत ती एका फटक्यात मोजतो. टेबलाचेही तसेच. सात-आठ फुटी टेबलावर सोपा वाटणारा लांब फटका नऊ फुटी टेबलाच्या अरुंद पॉकेटपाशी अडखळतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कापड वेगवान असते; पावसाळ्यातील मुंबईत तोच फटका आखूड पडतो.

सरावासाठी आणखी एक प्रकार सुचवावासा वाटतो, तो म्हणजे स्ट्रेट पूल. कोणताही चेंडू, कोणतेही पॉकेट, फक्त आधी सांगायचे; प्रत्येक चेंडूला एक गुण. चौदा चेंडू गेले की पंधरावा तसाच ठेवून उरलेले पुन्हा मांडायचे. अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये न चुकता सलग ५२६ चेंडू घातले होते आणि तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. स्पर्धा म्हणून हा प्रकार आता मागे पडला आहे. एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने खुर्चीत बसून पाहायचे, हे आजच्या प्रेक्षकाला रुचत नाही. पण तो एकट्याने खेळता येतो. तोडीचा प्रतिस्पर्धी रोज न मिळणाऱ्या शहरात दुपारच्या रिकाम्या वेळी तासभर टेबल घ्यावे, आपली सलग चेंडूंची संख्या वहीत लिहावी आणि ती पंधराच्या पुढे, म्हणजे दुसऱ्या मांडणीत, केव्हा जाते ते पाहावे.