बंद पडलेली गाडी आणि बंद झालेली गाडी

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळत बसणं हा आयटीतल्या मंडळींचा शनिवार-रविवारचा आवडता उद्योग. गाडी घ्यायचीच असते असं नाही, पण भाव बघायला पैसे पडत नाहीत. आणि चाळता चाळता एका ठिकाणी बोट हमखास थांबतं. लांबलचक, देखणी, दार लावलं की 'धप्प' असा भारदस्त आवाज करणारी सेदान, आणि किंमत बघावी तर एखाद्या बऱ्यापैकी बाईकच्या आसपास. नाव: फियाट लिनिया.

हे घरी किंवा ऑफिसात कुणाजवळ बोललात की उत्तर ठरलेलं. "वेडा झालास का? बंद झालेली गाडी आहे ती. पार्ट कुठून आणणार?"

सल्ला प्रेमाचाच असतो. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: कंपनीनं उत्पादन थांबवलं की त्या दिवसापासून त्या गाडीचं मरण सुरू. हे खरं आहे का? तपासायला फार लांब जायला नको. बंद झालेल्या तीन गाड्यांचा इतिहास मुंबई-पुण्याच्या आसपासच घडलाय. एक कुर्ल्याची, एक कल्याणची आणि एक रांजणगावची. तिघींची कंपनी हरली किंवा निघून गेली, पण तिघींचं पुढे जे झालं ते अगदी वेगवेगळं.

आधी कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फियाटची ११०० ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. आपल्याकडे मात्र शेवटपर्यंत ती 'फियाट'च राहिली. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ साली संपलं. कुर्ल्यात ते २००१ च्या सुमारास थांबलं. म्हणजे ज्यांनी ती गाडी जन्माला घातली त्यांनी ती बंद केल्यावर पुढची तीस वर्षं आपण ती नवीकोरी म्हणून विकत घेत होतो!

खरी गंमत तर त्यानंतरची. मुंबईत शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. ती रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये, कारण मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. नीट बघा, तिला पार्टच्या टंचाईनं घालवलं नाही, नियमानं घालवलं. कंपनी नाही, कारखाना नाही, तरी दिवसरात्र भाडी मारणारी गाडी वीस वर्षं चालली. कारण शहरात तशा हजारो गाड्या होत्या. हजारो गाड्या म्हणजे हजारो गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाईक असलं की कुणीतरी छोटा कारखानदार क्लच प्लेट बनवतो, कुणीतरी रबराचे बुश बनवतो, कुणीतरी पत्रा ठोकून मडगार्ड उभं करतो. गाडीत इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतंच. जे होतं ते पान्यानं, हातोडीनं आणि अनुभवानं दुरुस्त होण्यासारखं होतं.

आता कल्याण. १९९३ साली सरकारनं मोटार उत्पादनावरचं परवान्याचं बंधन काढलं आणि परदेशी कंपन्या भारतात यायला लागल्या. प्रीमियरनं फ्रान्सच्या प्यूजोशी हातमिळवणी केली आणि कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडली. पद्मिनीतून उतरून ३०९ मध्ये बसलेल्या माणसाला तो दुसराच ग्रह वाटला असणार. १.४ पेट्रोल किंवा १.५ डिझेल इंजिन, मऊ पण मजबूत सस्पेन्शन, ऐसपैस जागा. एक बारीकशी गोष्ट मात्र होती. युरोपात ही गाडी १९८५ साली आली होती आणि १९९३ साली बंदही झाली होती. आपल्याकडे ती आली १९९४ मध्ये. म्हणजे आपण नवी म्हणून घेतली तेव्हाच ती तिच्या घरी निवृत्त होती.

पुढे कामगारांचे तंटे झाले, त्यातच प्रीमियरनं फियाट युनोसाठी फियाटशीही संसार थाटला, आणि काही वर्षांतच प्यूजो गाशा गुंडाळून निघून गेली. ज्यांनी हौसेनं ३०९ घेतल्या होत्या ते मागे राहिले.

पद्मिनी जगली, मग ३०९ का नाही? साधं उत्तर आहे: संख्या. रस्त्यावर गाड्याच एवढ्या थोड्या, की त्यांच्यासाठी टेललाईटचा साचा बनवणं कुठल्याही कारखानदाराला परवडणारं नव्हतं. पण या गोष्टीत एक उपकथानक आहे आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. ३०९ मधलं १.५ लिटरचं डिझेल इंजिन प्यूजोच्या 'टीयूडी ५' जातीचं. प्यूजो इथून गेल्यावर तेच इंजिन मारुतीनं झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलमध्ये बसवलं. म्हणजे मालक परागंदा, कारखाना थंड, पण गाडीचं काळीज मात्र मारुतीच्या बोनेटखाली धडधडत होतं, आणि त्याला हात घालणारे मेकॅनिक गावोगावी तयार होत होते. ३०९ चं इंजिन वाचवता येण्यासारखं होतं. जे वाचवता येण्यासारखं नव्हतं ते म्हणजे काच, दिवे, दारं, डॅशबोर्ड. इतर कुठल्याच गाडीत नसलेल्या गोष्टी.

ज्यांनी कधी एखादा जुना सर्व्हर सांभाळलाय त्यांना हे लगेच कळेल. सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून मरत नाही. ते ज्या लायब्ररीवर उभं आहे ती सांभाळणारं कुणी उरलं नाही की मरतं. ज्या लायब्ररीवर अजून लाखो लोक अवलंबून आहेत ती कुणीतरी सांभाळतंच. ज्यावर फक्त तुम्हीच अवलंबून आहात, तिथे तुमची खैर नाही. गाडीचंही तसंच. गाडी एका तारखेला मरत नाही, तिचा एकेक अवयव वेगवेगळ्या वेळी मरतो. त्यामुळे "पार्ट मिळतील का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. खरा प्रश्न असा: "कुठला पार्ट, आणि तो आणखी कुणाला लागतो?"

आता हा प्रश्न घेऊन रांजणगावला जाऊ.

लिनिया जन्मली तुर्कस्तानात. फियाटच्या ग्रांदे पुंतोच्या पायावर बांधलेली सेदान, २००७ पासून बुर्सा शहरात बनायला लागली. भारतात ती आली जानेवारी २००९ मध्ये, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यातून. लांबी ४५६० मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या सिटी-वेर्नापेक्षा मोठी. पाठोपाठ त्याच वर्षी पुंतोही आली. चालवणाऱ्यांनी कौतुक केलं, पण विकत घेणाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. ही गाडी टाटांच्या शोरूममध्ये, टाटांच्याच गाड्यांच्या शेजारी उभी असायची. २०१२ साली विक्रीची ही भागीदारी मोडायचं ठरलं आणि फियाटनं स्वतःची शोरूम उघडायला घेतली. म्हणजे मालकांसाठी शोरूम बदललं, सर्व्हिसचा पत्ता बदलला, ओळखीचा माणूस बदलला. २०१४ मध्ये चेहरामोहरा नवा केला, २०१६ मध्ये १२५ हॉर्सपॉवरची पेट्रोल आवृत्ती काढली, पण गाडी गेली ती गेलीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू होण्याआधीच लिनिया आणि पुंतो दोन्ही बंद झाल्या होत्या.

इथवर ही ३०९ चीच कहाणी वाटते ना? पण डिझेल लिनियाचं बोनेट उघडा. आत १२४८ सीसीचं मल्टीजेट आहे, २००५ साली आपल्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरलेलं. हेच इंजिन परवान्यानं मारुतीनं बनवलं आणि डीडीआयएस नावानं स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स-४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझामध्ये घातलं. टाटांनी क्वाड्राजेट नावानं इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये घातलं. शेवरोलेनं सेल आणि एन्जॉयमध्ये. अगदी आपल्या प्रीमियरनंसुद्धा २०१२ मध्ये रिओला तेच बसवलं. लोक गमतीनं त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे ते उगाच नाही. मारुतीनं २०२० पर्यंत ते विकलं, आणि त्या शेवटच्या गाड्यांची पहिली पंधरा वर्षं २०३५ मध्ये भरतील. तोवर तरी या इंजिनाला हात लावणारा माणूस शोधायला लागणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, सगळी मल्टीजेट सारखी नाहीत. स्विफ्टमधलं ७५ हॉर्सपॉवरचं, साध्या टर्बोचं. लिनियातलं नव्वदीच्या घरातलं, बदलत्या झडपांच्या टर्बोचं, म्हणजे एसएक्स-४, सियाझ, मांझाच्या जवळचं. टर्बो गेला तर "स्विफ्टचा बसतो की" म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून लांब राहा.

पेट्रोलचं काय? १.४ फायर इंजिन पुंतोत होतं आणि टाटांच्या मांझात 'सफायर' नावानं होतं, पण त्या गाड्या त्यामानानं थोड्या. टी-जेट टर्बो पेट्रोल चालवायला सगळ्यात मजेशीर, पण नातेवाईक सगळ्यात कमी: पुंतोच्या टर्बो आवृत्त्या आणि अबार्थ पुंतो, की यादी जवळपास संपलीच. आणखी एक फरक: मल्टीजेटला टायमिंग चेन आहे, दोन्ही पेट्रोलना टायमिंग बेल्ट. बेल्ट कधी बदलला याचं बिल विक्रेत्याकडे नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला आणि तो खर्च किमतीतून वजा करा.

या सगळ्याचा अर्थ असा, की लिनिया बघायला जाल तेव्हा नेहमीचा क्रम उलटा करायचा. एरवी आपण इंजिन ऐकतो, धूर बघतो, आणि ओरखड्यांकडे "रंग मारून घेऊ" म्हणून काणाडोळा करतो. इथे आधी ओरखडे, मग इंजिन.

पहिल्यांदा हेडलाईट, टेललाईट, बंपर, आरसे आणि काचा बघा. हे सगळं फक्त लिनियाचं आहे. एखाद्या हेडलाईटची खुंटी तुटलेली असेल तर "किरकोळ आहे हो" हे ऐकून घेऊ नका, कारण कुर्ल्याच्या भंगार बाजारात तो मिळाला तर मिळाला. अपघात झालेली लिनिया कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. मग दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी गाडी चालू करून बघा. काचांची बटणं, एसी, मीटरवरचे दिवे, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं दाबून बघा. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक डबे हा पद्मिनीत नसलेला आणि हातोडीनं दुरुस्त न होणारा प्रकार आहे. त्यानंतर सस्पेन्शन. त्यातलं बरंचसं पुंतोशी जुळतं, तेव्हा तिथे थोडा आवाज असेल तर चालेल. आणि सगळ्यात शेवटी, डिझेल असेल तर, इंजिन.

मग कागद. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २००९ ची लिनिया २०२४ मध्येच पंधराची झाली. पुढे आरटीओत तपासणी, नूतनीकरणाची फी आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर, आणि मुदत मिळते पाच-पाच वर्षांची. म्हणून २००९-१० ची गाडी आणि २०१५-१६ ची गाडी यांतला फरक नुसता किमतीचा नाही, मुदतीचाही आहे. विम्यातही एक मेख आहे. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांची विमा-किंमत तक्त्यावरून ठरत नाही, विमा कंपनी आणि मालक यांच्या समजुतीनं ठरते. ती बोलून ठरवायची असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ती कमी धरली गेली तर पुढचा बंपर आणि दोन दिवे गेले एवढ्यावर गाडी हिशोबात 'टोटल लॉस' होऊ शकते. इंजिन मात्र ठणठणीत!

तर मग घ्यावी का? माझं मत सांगतो. डिझेल, २०१२ नंतरची, अपघात न झालेली, सगळे दिवे-काचा शाबूत, आणि फियाटवर हात बसलेला मेकॅनिक तुमच्या शहरात असेल, तर जरूर घ्या. पण जितक्याला घ्याल त्याच्या निम्मे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि पहिल्या वर्षात धडधाकट हेडलाईटची एक जोडी मिळवून माळ्यावर टाकून ठेवा. टी-जेट घ्यायची तर घरात दुसरी गाडी असू द्या. आणि घरातली ती पहिली आणि एकुलती एक गाडी असणार असेल, ईएमआय चालू असेल, आईबाबांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तीच लागणार असेल, तर लिनिया नको. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तर एका दिव्यासाठी तीन आठवडे गाडी उभी ठेवणं तुम्हाला परवडणार नाही म्हणून.

असो. यापुढे कुणी "ती बंद झालेली गाडी आहे" म्हणालं तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, "हो, पण तिच्यातलं नक्की काय बंद झालंय?" उत्तर देता आलं तर तो माणूस कामाचा आहे. गाडी बघायला जाताना त्याला बरोबर घेऊन जा :)