दफनभूमीचं दार

माणूस गेल्याचं दुःख आणि वर मूठमातीलाही धर्मगुरू नाही! आत्महत्या केलेल्यांच्या घरच्यांवर कॅथलिक समाजात शतकानुशतकं ही वेळ येई. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू केली. १९१७च्या धर्मसंहितेनंही, मरणापूर्वी पश्चात्ताप दिसला नसेल तर, धार्मिक दफनविधी नाकारला. १९८३च्या संहितेतून आत्महत्येचा हा उल्लेख गेला. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथानं कृत्य गंभीर चूकच मानलं. पण तीव्र मानसिक त्रासानं जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाची आशा सोडू नये, असंही सांगितलं. आता घरचे आपल्या माणसासाठी चर्चमध्ये प्रार्थना करू शकतात. मला हे फार मोलाचं वाटतं.