मोडीचा भाव

जहाज मोडीत निघाले तरी त्याच्या पोलादाला भाव येतो. ते चालवणाऱ्या माणसाचे काय? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल बंदराचा इतिहास चाळताना हा प्रश्न टाळता येत नाही.

हलचे ट्रॉलर कॉड माशासाठी थेट आइसलँडच्या समुद्रात जात. काम जिवावरचे होते. १९६८ च्या आरंभी अवघ्या काही आठवड्यांत तीन ट्रॉलर बुडाले आणि ५८ खलाशी गेले. पुढे आइसलँडने आपली मासेमारीची हद्द वाढवत १९७५ साली २०० सागरी मैलांवर नेली. १९७६ च्या समझोत्यात ब्रिटनला ती मानावी लागली आणि हलचे ट्रॉलर एकामागून एक भंगारात निघाले.

मालकांच्या हाती निदान भंगाराचे पैसे पडले. खलाशी मात्र दर सफरीला नव्याने करार करत. त्यामुळे वीस वर्षे समुद्रावर काढलेला माणूसही कागदोपत्री तात्पुरता कामगार ठरला आणि नोकरी गेल्याची भरपाई त्याला नाकारली गेली. सरकारने भरपाईची योजना जाहीर केली ती २००० साली: सेवेच्या वर्षामागे हजार पौंड, जास्तीत जास्त वीस हजार. तोवर कित्येकजण हयात नव्हते.

१९६० साली बांधलेला ‘आर्क्टिक कॉर्सेर’ तेवढा तोडण्यातून वाचला. १९९३ साली तो नगरपरिषदेने घेतला, १९९९ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. पाहुण्यांना तो फिरवून दाखवायला पुढे आले, ते जुने खलाशीच.