थकल्या गळ्याची दहा गाणी

लेनर्ड कोहेनच्या उत्तरायुष्याची कथा बहुधा पैशांपासून सांगितली जाते. २००४-०५ च्या सुमारास या कॅनेडियन कवी-गायकाला कळले, की म्हातारपणासाठी साठवलेली पन्नास लाख डॉलरहून अधिक पुंजी नाहीशी झाली आहे. तो कोर्टात गेला. २००६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण कागदावरचा निकाल काही पोट भरत नाही. तेव्हा ११ मे २००८ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, फ्रेडरिक्टन या छोट्या गावी तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. त्याला रॉकचा गायक म्हणावे की नाही, हा शुद्धिवाद्यांचा जुना वाद. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला आत घेऊन तो परस्पर मिटवून टाकला.

कथा खरी आहे, पण अर्धी. लोकांनी २००८ साली ज्या आवाजावर जीव ओवाळून टाकला, तो आवाज सात वर्षे आधीच एका अल्बममध्ये स्थिरावला होता. ऑक्टोबर २००१ मध्ये निघालेल्या या अल्बमचे नाव अगदी साधे, ‘टेन न्यू साँग्ज’. अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मीही तो उशिराच ऐकला. माझ्या मनातला कोहेन १९६७ च्या पहिल्या तबकडीतला, गिटार छेडत उदास गाणारा, आणि तो पुरेसा ऐकून झाला असे मी समजत होतो.

कोहेनचा जन्म १९३४ चा, माँट्रियलचा. फ्रेंचभाषक शहरातले इंग्रजी बोलणारे ज्यू घर. एका भाषेत घर आणि दुसऱ्या भाषेत रस्ता, ही अवस्था आपल्याला नव्याने समजावून सांगायला नको. तो आधी कवी आणि कादंबरीकार होता, गाण्याकडे वळला तो तिशी उलटल्यावर. ‘हालेलुया’ हे पुढे जगभर गायले गेलेले गाणे ज्या अल्बममध्ये होते, तो १९८४ मध्ये अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीने नकार दिला होता. यश, दारू, आणि आयुष्यभर पाठीस लागलेले नैराश्य. १९९३ चा दौरा आटोपल्यावर तो लॉस एंजल्सजवळच्या माउंट बाल्डीवरील झेन मठात राहायला गेला. १९९६ मध्ये भिक्षूची दीक्षा घेतली. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, बर्फ उपसणे, वृद्ध गुरू जोशु सासाकी रोशी यांचा स्वयंपाक करणे. नैराश्य मात्र गेले नाही. १९९९ च्या आरंभी तो गुरूंचा निरोप घेऊन डोंगर उतरला आणि थेट मुंबईला आला.

मुंबईत तो आला तो रमेश बालसेकरांसाठी. त्यांचे एक पुस्तक त्याने मठात वाचले होते. बालसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. वॉर्डन रोडच्या बाजूला आपल्या घरी रोज सकाळी येईल त्याच्याशी बोलत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरे आणि सकाळी तिथे जाऊन बसे. असे कित्येक आठवडे गेले, आणि पुढल्या वर्षांतही तो पुन:पुन्हा आला.

या बालसेकरांचे गुरू निसर्गदत्त महाराज, म्हणजे कोकणातल्या कांदळगावच्या घराण्यातले मारुती कांबळी. मुंबईत विड्यांचे दुकान चालवणारे, खेतवाडीतल्या माळ्यावर मराठीत बोलणारे. परदेशी श्रोत्यांसाठी त्यांचे बोलणे इंग्रजीत करून सांगणाऱ्यांत बालसेकर होते. निसर्गदत्तांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज. त्यांना विजापुरात अनुग्रह मिळाला तो भाऊसाहेब महाराज उमदीकरांचा. उमदी जत तालुक्यातली आणि मठ इंचगेरीचा, विजापूर जिल्ह्यातला. निंबाळच्या गुरुदेव रानड्यांचे गुरूही हेच. मराठीत दासबोध आणि कन्नडमध्ये वचने एकाच ओसरीवर ऐकलेल्या आपल्या भागातून निघालेला हा ओघळ दोन-तीन पिढ्यांत वॉर्डन रोडला पोचला, आणि त्याच्या काठी माँट्रियलचा एक गायक येऊन बसला. कोहेन काही संप्रदायी झाला नाही, ज्यू तो ज्यूच राहिला. बालसेकरांची मांडणी गुरूंच्या वाटेची कितपत, यावरही जाणत्यांत मतभेद आहेत. पण ‘मी कर्ता’ हे ओझे खाली ठेवण्याची त्यांची गोष्ट त्याला भावली. त्या काळात नैराश्याचे सावट हळूहळू विरले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले. कशाने विरले, हे मात्र त्याने ठामपणे कधी सांगितले नाही. वय वाढले की मेंदूतल्या चिंतेच्या पेशी मरतात म्हणे, अशी थट्टाही केली.

हे ध्यानात ठेवून तो अल्बम ऐकावा. शब्द कोहेनचे, चाली शॅरन रॉबिन्सनच्या. ती १९७९-८० च्या दौऱ्यात त्याच्यामागे गात असे. दोघांनी घरातल्या छोट्या स्टुडिओत काम केले. यंत्रावर वाजवलेले तिचे संगीत हा केवळ कच्चा आराखडा, पुढे खरे वादक येतील, असे तिला वाटत होते. कोहेनने तेच ठेवायचे ठरवले. म्हणून ही गाणी पहिल्यांदा ऐकताना जरा स्वस्त वाटतात, हे कबूल केले पाहिजे. मग हळूहळू तो आवाज कळू लागतो. सिगारेटींनी आणि वयाने खोल उतरलेला, जवळजवळ बोलणारा. त्याला वर चढायचेच नाही. जिथे सूर लांबवायचा तिथे शॅरन पुढे होते आणि तो शेजारी थांबतो. एका गाण्यात खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगते, एवढेच घडते. दुसऱ्या गाण्यात कवाफी या ग्रीक कवीच्या कवितेतले सोडून जाणारे शहर स्त्री होऊन येते, आणि निरोप घेणारा तक्रार करत नाही. ‘बूगी स्ट्रीट’ मध्ये सगळी ध्यानधारणा आटोपून माणूस पुन्हा बाजारात, धंद्यात आणि वासनेत परततो. १९६७ चा कोहेन दुःखाला सजवीत असे. इथे दुःख आहेच, पण त्याचा मालक कोणी नाही.

नंतर पुंजी गेली, दौरे झाले, आणखी अल्बम आले. हयातीतला शेवटचा २१ ऑक्टोबर २०१६ रोजी. त्यात माँट्रियलमधल्या लहानपणच्या सिनेगॉगचे गायकवृंद त्याच्यामागे गातात. ७ नोव्हेंबरला तो गेला. ‘टेन न्यू साँग्ज’ च्या वेष्टनावरचा फोटो मात्र त्याने स्वतःच, घरच्या संगणकाच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. थोडा धूसर. चौकटीत तो एकटा नाही, शेजारी शॅरन आहे.